सनमायका का सुटतो? सिंदी (रेल्वे) ते मंडाले : एका पापुद्र्याचा इतिहास

१/
मे महिन्यातील भर दुपार. सिंदी (रेल्वे) येथील एखाद्या नव्या घरात आलमारीच्या दाराचा कोपरा उचललेला दिसतो. बोट लावले की वरचा चकचकीत पापुद्रा आणखी चार बोटे सुटतो. घरमालक सुताराला दोष देतो, सुतार डिंकाच्या डब्याला आणि दुकानदार पावसाला. सुताराच्या मजुरीचा शेवटचा हप्ता बहुधा याच वादात अडकतो. या भांडणात एक साक्षीदार मात्र कोणी बोलावत नाही, तो म्हणजे इतिहास. सनमायका का सुटतो याचे उत्तर रसायनात जितके आहे, तितकेच साग, सरस, अभ्रक आणि बलुते यांच्या इतिहासातही आहे.

२/
प्रथम गावाविषयी. वर्धा शहराला लागून सिंदी (मेघे) आहे. दोन सिंदी वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून सेलू तालुक्यातील या नगरापुढे ‘रेल्वे’ लागले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला आणि वर्धा-नागपूर दरम्यानची गावे थेट मुंबईच्या बाजाराशी जोडली गेली. या मार्गाने कापूस बाहेर गेला आणि बाहेरचे जग आत आले. घरबांधणीतही तेच घडले. ज्या प्रदेशात घरासाठी लागणारे बहुतेक सारे आसपासच मिळत असे, तेथे हळूहळू दूरच्या कारखान्यातील वस्तू रुळल्या. सनमायका हा त्याच मालिकेतील पुढचा पाहुणा.

३/
या पाहुण्याची परीक्षा घेणारे हवामान मात्र स्थानिकच राहिले. २३ मे २०१३ रोजी शेजारच्या नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. अशा दुपारी हवेतील सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली उतरते. अडीच महिन्यांनी, श्रावणात, तीच आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांपर्यंत चढते. समुद्रकाठी हवा बारमाही दमट असते, वाळवंटात बारमाही कोरडी. वर्धा-नागपूरच्या पट्ट्यात ती एकाच वर्षात दोन्ही टोके गाठते. लाकूडकामाचा खरा शत्रू केवळ ओलावा नव्हे. ओलावा आणि कोरडेपणा यांचे आळीपाळीने येणे, हा त्याहून मोठा शत्रू आहे.

४/
त्यात माणसाने एक ऋतू आणखी जोडला. विदर्भातील घरात उन्हाळ्यात कूलर लागतो. ओल्या वाळ्यातून किंवा भुश्शाच्या जाळीतून येणारी हवा खोली गार करते, पण तिच्यातील ओलावाही वाढवते. बाहेर वैशाख असताना खोलीत आषाढ उभा राहतो. कूलर बंद झाला की काही तासांत खोली पुन्हा कोरडी पडते. म्हणजे येथील आलमारीला वर्षातून दोन पावसाळे भोगावे लागतात, एक आकाशातला आणि एक खिडकीतला. कूलरच्या समोर येणारी दारे आधी का सुटतात, याचे उत्तर येथेच मिळते.

५/
लाकूड तोडल्यावरही हवेशी व्यवहार थांबवत नाही. हवा दमट झाली की ते ओलावा घेते आणि फुगते. कोरडी झाली की ओलावा सोडते आणि आकसते. वैशाखातल्या कोरड्या हवेत समतोलाला आलेल्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ४ टक्के पाणी उरते. श्रावणात हे प्रमाण १६-१७ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. ही वाढ सर्व दिशांना सारखी नसते. धाग्याच्या लांबीत ती नगण्य असते, रुंदीत लक्षणीय. सागासारख्या तुलनेने शांत लाकडाचीही एक फूट रुंद फळी या दोन टोकांदरम्यान सहा-सात मिलिमीटर कमी-जास्त होऊ शकते.

६/
हे ज्ञान प्रयोगशाळेत जन्मलेले नाही. विदर्भातील बंडीचे चाक पाहा. उन्हाळ्यात आरे आणि त्यांच्याभोवतीचे लाकडी कडे आकसते व लोखंडी धाव सैल पडते. मग शेतकरी चाक पाण्यात भिजत ठेवतो. लाकूड फुगते आणि धाव पुन्हा घट्ट बसते. धाव चढवताना मात्र उलट युक्ती. लोखंड तापवून मोठे करायचे, चाकावर चढवायचे आणि पाणी ओतून आकसवायचे. लोखंड उष्णतेने वाढते, लाकूड ओलाव्याने, हे या कारागिराला पुस्तकाविना ठाऊक होते. दोन पदार्थांच्या दोन स्वभावांचा हिशेब म्हणजेच त्याचे कसब.

७/
जुन्या वाड्यांतील दिल्हेदार दार हा त्याच हिशेबाचा दुसरा पुरावा. उभ्या-आडव्या पट्ट्यांची मजबूत चौकट कुसू आणि खाच यांनी बांधलेली असते. मधली फळी, म्हणजे दिल्हा, चौकटीच्या आतील खोबणीत नुसती सरकवलेली असते. तिला डिंक नाही, खिळा नाही. पावसाळ्यात ती खोबणीत सरकून फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि चौकट जागची हलत नाही. आज अशा दाराचा दिल्हा किंचित खुळखुळला की ते काम ढिले वाटते. प्रत्यक्षात ती मोकळीक हेतुपुरस्सर ठेवलेली असते. शंभर वर्षांचे दार टिकते ते त्या मोकळिकीमुळे.

८/
मग जुना सुतार चिकटवतच नव्हता काय? चिकटवत होता, सरसाने. जनावरांची कातडी आणि हाडे उकळून काढलेला हा डिंक गरम असतानाच लावावा लागे. वर्ध्याजवळच्या नालवाडीत गांधीजींच्या प्रेरणेने चाललेल्या चर्मालयामागेही मेलेल्या जनावराचा कोणताही भाग वाया जाऊ नये हाच विचार होता. सरस कोरड्या हवेत उत्तम धरतो, पण दीर्घकाळच्या दमट हवेत मऊ पडतो. म्हणून कसबी सुतार सांध्याची मदार सरसावर ठेवत नसे. कुसू, पाचर आणि खुंटी हा मुख्य आधार. सरस केवळ सोबती.

९/
लाकडावर पातळ थर चढवला आणि तो सुटला, ही तक्रारही विसाव्या शतकाची नाही. इजिप्तमधील रेखमिरे या मंत्र्याच्या सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यात सुतार सरस तापवून पातळ लाकडी पापुद्रा चिकटवताना चितारले आहेत. १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर यांना तुतनखामेनचे थडगे सापडले. त्यातील सोन्याने मढवलेले लाकडी देव्हारे पुढे उकलताना त्यांना एक विचित्र अडचण आली. तीन हजारांहून अधिक वर्षांच्या कोरड्या हवेत आतील लाकूड आकसले होते, पण त्यावरचा चुनखडीचा लेप आणि सोने आकसले नव्हते. दोहोंत पोकळी निर्माण झाली होती. स्पर्श होताच वरचा थर चुरडून पडू लागे.

१०/
राजाच्या देव्हाऱ्याचे आणि सिंदीतील आलमारीचे दुखणे मुळात एकच आहे. दोन पदार्थ पाठीला पाठ लावून कायमचे बांधले, पण त्यांच्या हालचालीची मापे वेगळी. आतला आकसतो तेव्हा वरचा आकसत नाही, किंवा आकसतो तो निराळ्या प्रमाणात. या ओढाताणीचा सारा भार मधल्या डिंकाच्या कागदाहून पातळ थरावर येतो, आणि सर्वांत अधिक कडांवर व कोपऱ्यांवर. म्हणून थर मध्यातून क्वचित आणि कोपऱ्यातून नेहमी सुटतो. प्रश्न असा की, ज्या समाजाला हे बंडीच्या चाकात समजत होते, तो आलमारीत ते विसरला कसा?

११/
याचे उत्तर सागाच्या इतिहासातून जाते. १८६३ मध्ये मुंबईत ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ स्थापन झाली. ब्रह्मदेशातील सागाची तोड हा तिचा मोठा व्यवसाय. १८८५ मध्ये राजा थिबॉच्या दरबाराने, ओंडक्यांची संख्या कमी दाखवल्याचा आरोप ठेवून, तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. फ्रान्सच्या वाढत्या प्रभावाने आधीच अस्वस्थ असलेल्या इंग्रजांना निमित्त मिळाले. नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडाले पडले. थिबॉला सहकुटुंब रत्नागिरीला आणले गेले आणि तेथेच १९१६ मध्ये त्याचा अंत झाला. रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहणाऱ्याने त्यामागे साग आहे, हे विसरू नये.

१२/
या कथेचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. ज्या कंपनीच्या सागासाठी एक राज्य बुडाले, त्याच कंपनीचा एक विभाग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘फॉर्मायका इंडिया’ या नावाने लॅमिनेटचे पत्रे बनवत होता. अबकारी कराच्या वादात हे नाव सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालातही आलेले आहे. साग विकणाऱ्यांनी सागाला पर्याय विकावा, यात व्यापाराच्या दृष्टीने विसंगती काहीच नाही. इतिहासाच्या दृष्टीने मात्र एक युग संपल्याची याहून नेमकी खूण शोधूनही सापडणार नाही.

१३/
लॅमिनेटचा जन्म फर्निचरसाठी झालाच नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी विजेच्या यंत्रांत विद्युतरोधक म्हणून अभ्रक वापरत. त्याचा मोठा पुरवठा भारतातून, विशेषतः कोडरमा-हजारीबाग पट्ट्यातून होई. १९०७ मध्ये लिओ बेकलंड यांनी बेकेलाइट हे कृत्रिम राळेचे द्रव्य बनवले. अमेरिकेतील वेस्टिंगहाउस कंपनीतील डॅनियल ओ’कॉनर आणि हर्बर्ट फेबर यांनी अशी राळ वापरून थरांचा कठीण पदार्थ तयार केला आणि १९१३ मध्ये स्वतःची कंपनी काढली. अभ्रकाच्या ऐवजी, म्हणजे ‘फॉर मायका’, म्हणून नाव ठेवले फॉर्मायका. भारतात रुळलेल्या ‘सनमायका’ या मुद्रेच्या शेपटातही तेच अभ्रक आहे. मराठीत ती मुद्रा पुढे सर्वच लॅमिनेटचे सामान्यनाम झाली.

१४/
पुढे वरच्या थरात छापील कागद आला आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस मेलामाइनची पारदर्शक, कठीण राळ. आता गरम चहाच्या कपाने डाग पडत नव्हता आणि कागदावर कोणतेही लाकूड छापता येत होते. नव्या संसद भवनासाठी साग नागपूरहून गेला. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून गेला. त्याच विदर्भातील सामान्य घरात मात्र आलमारीवर असते ते सागाचे छायाचित्र. यात खंत करण्याचे कारण नाही, कारण त्या छायाचित्रामुळे मध्यमवर्गाला पुसता येणारी, वाळवीला न आवडणारी पृष्ठभूमी मिळाली. केवळ एक गोष्ट दृष्टीआड झाली.

१५/
ती म्हणजे सनमायका प्लास्टिक दिसत असला तरी मुख्यतः कागद आहे. राळेत भिजवलेले तपकिरी क्राफ्ट कागद एकावर एक रचून, प्रचंड दाब आणि उष्णता देऊन एक मिलिमीटरचा पत्रा बनतो. कागद म्हणजे लाकडाचेच तंतू. त्यामुळे हा पत्राही दमट हवेत वाढतो, कोरड्या हवेत आकसतो. लांबीत जितका, त्याच्या साधारण दुप्पट रुंदीत. याउलट प्लायवूडमध्ये थर आडवे-उभे चिकटवलेले असल्याने ते एकमेकांना धरून ठेवतात आणि फळी फारशी हलत नाही. म्हणजे चित्र अपेक्षेच्या उलटे आहे. खालचे लाकूड स्थिर असते आणि वरचे ‘प्लास्टिक’ चंचल.

१६/
या दोहोंमध्ये आला पांढरा डिंक. त्याचे मूलद्रव्य, पॉलिव्हिनाइल अॅसिटेट, १९१२ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ क्लाटे यांनी शोधले. भारतात ते घरोघरी पोहोचवले बळवंतराय पारेख यांनी. गुजरातेतील महुवा येथे जन्मलेले, कायदा शिकलेले पारेख मुंबईत एका लाकूड व्यापाऱ्याकडे शिपाई म्हणून राबले होते. सरस उकळण्याचा सुताराचा त्रास त्यांना जवळून ठाऊक होता. १९५९ मध्ये फेव्हिकॉल बाजारात आले. चूल नको, दुर्गंधी नको. डबा उघडा आणि लावा. भारतीय सुताराच्या दिवसातील काही तास या डब्याने वाचवले, हे निर्विवाद.

१७/
परंतु प्रत्येक डिंकाच्या काही अटी असतात. पांढऱ्या डिंकात जवळजवळ निम्मे पाणी असते. ते बाहेर गेल्याखेरीज डिंक घट्ट होत नाही, आणि सनमायका पाणी जाऊ देत नाही. सारे पाणी प्लायवूडने शोषावे लागते. श्रावणात प्लाय आधीच ओलावलेला असला तर डिंक वरून सुकल्यासारखा वाटतो, आत ओलसर राहतो. दुसरी अट दाबाची. डिंक धरेपर्यंत, शक्यतो रात्रभर, पत्रा सर्वत्र सारखा दाबलेला हवा. तिसरी अट उष्णतेची. हा डिंक ४० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतो आणि सतत ताण असल्यास हळूहळू सरकतो. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवरील आलमारी हे त्याचे नेहमीचे उदाहरण.

१८/
दुसरा मार्ग रबरी डिंकाचा. ड्यू पाँट कंपनीने १९३१ मध्ये जाहीर केलेल्या निओप्रीन या कृत्रिम रबरावर तो आधारलेला आहे. दोन्ही पृष्ठांना लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचे, मग एकदाच नेमके टेकवायचे. तो किंचित लवचीक राहतो, म्हणून हालचाल सोसतो. पण वैशाखात त्यातील द्रावक इतक्या वेगाने उडतो की पत्रा टेकेपर्यंत साय धरलेली असते. पावसाळ्यात उडणारा द्रावक पृष्ठभाग गार करतो आणि त्यावर हवेतील पाणी साचते. दोन्ही वेळा चिकटल्याचा केवळ आभास होतो. विदर्भाचे हवामान कोणत्याच डिंकाला सवलत देत नाही.

१९/
येथे कायद्याचाही हात आहे. १९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणाने लाकडाला पर्याय शोधण्यावर भर दिला. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना वृक्षतोडीवर देशव्यापी निर्बंध घातले. जंगलांसाठी ते आवश्यकच होते. घन सागवान महाग होत गेले आणि प्लाय, ब्लॉकबोर्ड, पार्टिकल बोर्ड सर्वत्र आले. एका पिढीत लाकूड बदलले, डिंक बदलला, भिंतही मातीची जाऊन सिमेंटची झाली. नवा गिलावा कित्येक आठवडे ओल सोडत राहतो, आणि घराच्या वास्तुशांतीच्या घाईत आलमारी त्याच ओल्या भिंतीला ठोकली जाते. तिच्या पाठीला बहुधा रंगही नसतो.

२०/
मग इतिहासाच्या विद्यार्थ्याने सुटलेला पत्रा कसा वाचावा? जसा ताम्रपट वाचतात, तसा दोन्ही बाजूंनी.
• पत्र्याच्या पाठीवर लाकडाचे तंतू चिकटून आले असतील, तर डिंक जिंकला आणि प्लायचाच वरचा थर हरला. प्लाय हलका किंवा भिजलेला.
• सारा डिंक प्लायवर आणि पत्र्याची पाठ कोरी, तर पत्रा उशिरा टेकवला किंवा दाब मिळाला नाही.
• दोन्हीकडे रबरासारखे ओढलेले धागे, तर उष्णतेने डिंक सरकला.
• पांढरट भुकटी, तर काम कडाक्याच्या थंडीत झाले. डिसेंबर २०१८ मध्ये नागपूर ३.५ अंशांवर उतरले होते. अशा पहाटे पांढरा डिंक एकसंध थर धरत नाही.
• दुधाळ, चिकट लगदा, तर पाणी शिरले.

२१/
पुराव्याचे स्थानही बोलते. सर्व कडा सारख्या उचलल्या असतील तर ती ऋतूंची ओढाताण. केवळ तळची कड सुटली असेल तर फरशी पुसण्याचे पाणी उघड्या प्लायमध्ये चढले. सिंकच्या खालचे दार सुटले तर नळाची गळती. ओट्याजवळच्या कापलेल्या कोपऱ्यातून तडा गेला असेल तर कोपरा गोलाई न देता काटकोनात कापला. मध्येच फुगा आला तर तेथे दाब पोहोचला नाही, किंवा कोणी गरम भांडे टेकवले. आणि दार धनुष्यासारखे वाकले असेल तर पत्रा एकाच बाजूला लावून दुसरी उघडी सोडली. वरची बाजू हवेपासून तुटली, मागची श्वास घेत राहिली.

२२/
यावरून एक सूत्र हाती येते. बिघाडाचा ऋतू आणि कामाचा ऋतू क्वचितच एक असतो. श्रावणात फुगलेल्या प्लायवर चिकटवलेला पत्रा वैशाखात सुटतो. वैशाखात आकसलेला पत्रा टोकाला टोक भिडवून लावला तर तो श्रावणात वाढायला जागा न मिळून उचलतो. काम हाती देताना मात्र ते नेहमी निर्दोष दिसते. कारखान्यातील फर्निचर यंत्राच्या सारख्या दाबाखाली, नियंत्रित हवेत चिकटते. भिंतीत बसवलेली आलमारी मात्र घरातच, विटांच्या वजनाखाली किंवा तात्पुरत्या खिळ्यांच्या भरवशावर तयार होते. म्हणून तीच अधिक सुटते.

२३/
जुन्या व्यवस्थेत ही फट भरून काढणारी एक गोष्ट होती, आणि ती लाकडात नव्हती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’त वर्णिलेल्या बलुतेदारीत सुतार हा प्रमुख बलुतेदार. वखर, डवरे, तिफण, बंडी यांची घडण आणि वर्षभराची डागडुजी त्याच्याकडे. मोबदला सुगीला धान्यात. म्हणजे वैशाखात बसवलेला आरा श्रावणात त्याच्याच समोर येई. चूक आणि तिचे फळ एकाच माणसाला दिसे. बलुत्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्यात काम जन्माने ठरे, मोल दुसरा ठरवी आणि नकाराचा हक्क नसे. पण कारागिराला ऋतुचक्र पूर्ण पाहायला मिळे, ही त्यातील शिकवण खरी.

२४/
आज दर चौरस फुटावर ठरतो. कारागीर बरेचदा राजस्थान किंवा उत्तर प्रदेशातून आलेला असतो, महिन्याभरात चार घरे संपवून पुढच्या गावी जातो. त्याने चिकटवलेले दार पुढच्या उन्हाळ्यात कसे दिसते, हे त्याला कळण्याची सोयच नाही. घरमालकाला दार दिसते, पण कारण दिसत नाही. प्लाय, पत्रा आणि डिंक विकणारे तिघे वेगळे. प्रत्येकाची हमी आपापल्या वस्तूपुरती. आणि बिघाड मात्र होतो तो या तिघांच्या मधल्या जागेत, जिची हमी कोणीच दिलेली नसते. अखेर जो समोर सापडतो त्याची मजुरी कापली जाते. सुटलेल्या कोपऱ्याची खरी किंमत हीच आहे.

२५/
उपाय अवघड नाहीत. बहुतेक सारे जुन्याच हिशेबाचे नवे रूप आहेत. पत्रे आणि प्लाय चिकटवण्यापूर्वी दोन दिवस त्याच खोलीत उघडे ठेवावेत, म्हणजे दोघांचा ओलावा सारखा होतो. दाराच्या दोन्ही बाजूंना पत्रा लावावा. कडा पट्टीने बंद कराव्यात. दोन पत्र्यांच्या सांध्यात केसभर फट सोडावी. ती दिल्ह्याच्या खोबणीचीच धाकटी बहीण. भिंत सुकेपर्यंत थांबावे, आलमारीची पाठ रंगवावी. स्वयंपाकघरात साध्या प्लायऐवजी भारतीय मानक ७१० चा प्लाय घ्यावा. आणि काम शक्यतो पावसाळ्यानंतर, हवा दोन टोकांच्या मध्ये असताना करावे. मजुरीचा एक हिस्सा एका उन्हाळ्यानंतर, पण ठरवून आणि खात्रीने द्यावा. म्हणजे कारागीर परत येतो आणि शिकतोही.

२६/
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. त्याचे श्रेय परंपरेने नागपूरकर दुसरे रघुजी भोसले यांना दिले जाते. सिंदी (रेल्वे) तर मोठमोठ्या लाकडी नंद्यांसाठी ओळखली जाते. हा सण येतो श्रावण संपताच, म्हणजे वर्षातील सर्वांत दमट दिवसांत. फुगलेला नंदी रस्त्यावर येतो, मिरवतो आणि पुन्हा वर्षभर घरात विसावतो. वैशाखात आकसतो, कुठे बारीक चीर पडते, पुढच्या पोळ्याला पुन्हा रंग लागतो. आकसण्या-फुगण्याला त्याच्या घडणीत जागा आहे आणि दरसाल त्याच्याकडे पाहणारे डोळे आहेत. त्याच गल्लीतील आलमारीला यांपैकी एकही लाभत नाही. ती सुटते ते डिंक कमी पडला म्हणून कधीकधी. लाकूड जिवंतासारखे हलते याचा विसर पडला म्हणून बहुतेक वेळा.